बॅनरवरची मुलं पुढे जातात कुठे?

बारावीचा निकाल लागला की आमच्या पट्ट्यात बॅनर लागतात. आक्षीपासून रेवदंड्यापर्यंत जवळपास प्रत्येक नाक्यावर एक. वर नेत्यांचे फोटो मोठे, खाली मुलांचे पासपोर्ट साइजचे, आणि शेजारी टक्के. आम्ही बातमीदार त्याच टक्क्यांची बातमी करतो. 'उज्ज्वल यश' हे दोन शब्द तर टाईप करून ठेवलेलेच असतात, फक्त नावं बदलायची. त्यातला कोण पाच वर्षांनी कुठे आहे, ही बातमी मात्र कुणी मागत नाही.

आज तेच लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

निमित्त झालं एका वादाचं. नागावातलाच एक कॉटेजवाला मित्र, माझ्याच वयाचा. कॉलेजांमधल्या रिकाम्या जागांवर मी काहीतरी लिहिलं होतं, ते वाचून म्हणाला, "पत्रकार, कशाला त्या कॉलेजांच्या मागे लागलायस? मुंबई समोर दिसते आपल्याला. मुलं जाणारच. सरकारने इथे शिकवायचं आणि फायदा ठाण्या-पुण्याच्या कंपन्यांनी घ्यायचा, त्यापेक्षा तो पैसा रस्त्याला लावा, बीचला लावा. चार धंदे तरी वाढतील."

त्याचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. आपल्यातले बरेच जण हेच म्हणतात, काही मोठ्याने, काही मनात. आणि वरवर बघितलं तर खरंही वाटतं. शनिवार-रविवारी नागावात माणूस कमी पडतो: रिसेप्शनला, किचनला, गाड्या लावायला, बनाना राईडवर. आणि सोमवारी तोच तरुण मिनीडोरमध्ये बसून अलिबागला जातो, तिथून एसटीने पनवेल, तिथून पुढे. बीएस्सी झालेल्या मुलाने आठवड्यातले दोन दिवस भरणारा धंदा धरून बसावं असं त्याचे आईबापही म्हणत नाहीत.

पण मित्राचा हिशोब एका ठिकाणी चुकतो, आणि तो सरकारचाही चुकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉलेजला पैसे देतं राज्य सरकार. अनुदानित कॉलेजातल्या मंजूर जागांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, आपल्या कोकण विभागाचं सहसंचालक कार्यालय पनवेलला आहे, तिथून सगळं फिरतं. आता नागावचा मुलगा अलिबागच्या कॉलेजात शिकला आणि ऐरोलीला नोकरीला लागला. राज्याच्या वहीत तो हरवला का? नाही. तो महाराष्ट्रातच आहे. त्याचा व्यवसाय कर महाराष्ट्रातच भरला जातो, तो खर्च करतो त्यावरचा जीएसटीही महाराष्ट्रातच. सरकारच्या दृष्टीने पैसे वसूल. हरवला तो अलिबाग तालुक्याच्या वहीत. पण तालुक्याला अशी वहीच नाही. ग्रामपंचायतीला त्याच्या पगारातलं काही मिळत नाही, मिळते ती त्याच्या बंद घराची घरपट्टी. मंत्रालयाला हा प्रश्न दिसत नाही याचं कारण दुष्टपणा नाही. तो त्यांच्या कागदावर येतच नाही.

आपल्याकडे बाहेर जाणं नवीन नाही. आपले आजोबा-पणजोबा गिरणीत गेले, गोदीत गेले. त्यांच्या मनीऑर्डरवर कोकणातली घरं चालली. पण ते न शिकता गेले, खोलीत दहा जण राहिले, आणि १९८२ च्या संपानंतर बरेच जण गावाला परत आले, कारण गावाला घर आणि वाडी होती. आज शिकून जाणारा मुलगा तसा परत येत नाही. तो कामोठ्याला वन बीएचके घेतो, वीस वर्षांचा हप्ता. मग आईबापांनाही तिकडे नेतो, दवाखाना जवळ म्हणून. मग वाडी बघायला कुणी नाही. माडावर चढणारा माणूस मिळत नाही, सुपारी खाली पडून राहते. मग एक दिवस एजंट येतो. पुढचं तुम्हाला माहीत आहे, आपल्या गावात कंपाऊंडच्या किती भिंती झाल्या ते मोजा.

यात पदवी हे कारण नाही. पदवी ज्या किमतीला मिळते, ते कारण आहे. ह्यावर कुणी बोलत नाही.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना राज्यात परवानगी मिळाली. तेव्हाचं कारण समजण्यासारखं होतं. आपली मुलं डोनेशन भरून कर्नाटकात जात होती, ती इथेच शिकावीत. त्यातून हजारो इंजिनीअर झाले, हेही खरं. पुढे २००१ च्या सुमारास नवीन कॉलेजं 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर द्यायची असं धोरण आलं. शब्द बघा, कायम. म्हणजे त्यानंतर मागणी वाढली, मुलं वाढली, कोर्स वाढले, पण सरकारी पगाराच्या जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. जुन्या अनुदानित कॉलेजांतसुद्धा बीएमएस, बीएस्सी आयटी असे जे नवे कोर्स आले ते स्वयंअर्थसहाय्यित. म्हणजे 'ज्याला नोकरी लागते' असं आपण समजतो त्या कोर्सचा सगळा खर्च पालकांच्या खिशातून, आणि ज्याला लागत नाही असं समजतो तो अनुदानावर. हे कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही, पण झालंय असंच.

याचा मुलांच्या जाण्याशी काय संबंध? सांगतो. ओळखीतलं एक घर आहे, वाडीवाले. मुलाला इंजिनीअरिंग करायचं होतं. सरकारी कॉलेजात नंबर लागला नाही, खासगीत घेतलं. सहा लाखांचं कर्ज, वरचा खर्च दोन गुंठे विकून. मुलगा हुशार, पास झाला. त्याला इथेच एका कंपनीत कंत्राटदाराकडे काम मिळत होतं, सोळा हजार. कर्जाचा हप्ता दहा हजारांच्या आसपास. त्याच्या वडिलांना मी विचारलं, "अण्णा, घरचं जेवण, घरचं छप्पर, सोळा हजारांत भागलं असतं ना?" म्हणाले, "भागलं असतं रे. बँकेचं भागलं नसतं." मुलगा आता हिंजवडीला आहे. त्याला जायचं होतं की नव्हतं, हा प्रश्नच शिल्लक राहिला नाही. हप्त्याने ठरवलं.

हाच मुलगा कमी फीच्या सरकारी जागेवर शिकला असता तर? कदाचित तरीही गेला असता. पण सोळा हजारांवर दोन वर्षं थांबून, अनुभव घेऊन, कंपनीत कायम व्हायची वाट बघणं त्याला परवडलं असतं. अनुदान आटलं की मुलं घरी बसतील असं सरकारला वाटत असेल, तर उलटं होतं. अनुदान आटतं, फी वाढते, फी वाढली की कर्ज, आणि कर्ज काढलेला माणूस मोठ्या पगाराच्या शहराकडेच पळतो. छोट्या गावाचा पगार फक्त कर्ज नसलेल्या माणसालाच परवडतो.

आता दुसरी गोष्ट. माझ्या मित्राला कॉलेज म्हणजे फक्त मुलं तयार करून बाहेर पाठवणारा कारखाना वाटतो. अरे, कॉलेज स्वतःच नोकरी देणारी जागा आहे! अलिबागसारख्या ठिकाणी एमएस्सी, एमए, पीएचडी झालेल्या माणसाला त्याच्या शिक्षणाला साजेसा पगार देणाऱ्या जागा किती? बँक, कोर्ट, जिल्हा परिषद, सरकारी दवाखाना, एक-दोन कंपन्या, आणि कॉलेज. सहायक प्राध्यापकाचा सातव्या वेतन आयोगातला सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० रुपये आहे, भत्ते वेगळे. असा एक माणूस गावात राहिला की तो घर बांधतो, गवंड्याला काम देतो, वाचनालयाची वर्गणी भरतो, पोरांना विज्ञान मंडळात नेतो, ग्रामसभेत उठून प्रश्न विचारतो. शेवटचं काहींना आवडत नाही, ते सोडा.

त्या जागांचं काय झालं ते बघा. २०१८ मध्ये राज्यातल्या अनुदानित कॉलेजांत ३,५८० सहायक प्राध्यापक भरायला मान्यता मिळाली. त्यातली सगळी भरली गेली नाहीत, उरलेल्या २,०८८ जागांसाठी २०२१ मध्ये पुन्हा मान्यता द्यावी लागली. तोपर्यंत वर्ग कोण घेतं? तासिका तत्त्वावरचे शिक्षक, म्हणजे सीएचबी. २०२३ मध्ये सरकारने पदवीच्या वर्गांसाठी तासिकेचा दर ६२५ वरून ९०० रुपये केला. ऐकायला बरा आहे. पण आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तासिका. म्हणजे पूर्ण मिळाल्या तर आठवड्याचे ८,१०० रुपये. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, परीक्षेचे दिवस यांचे पैसे नाहीत. मे महिन्यात नेट-सेट झालेला माणूस काय खातो, हे शासन निर्णयात लिहिलेलं नसतं.

असा एक जण माझ्या ओळखीचा आहे. कॉलेजचं नाव देत नाही, देऊन त्याचंच नुकसान. विषय रसायनशास्त्र. वय छत्तीस. लग्न ठरत नाही, कारण मुलीकडचे विचारतात, "कायम आहात का?" गेल्या वर्षी त्याने सोडलं आणि तळोज्याच्या एका फॅक्टरीत लॅबमध्ये लागला. म्हणजे तालुक्यातून गेलेला एक पदवीधर. आणि तो गेल्यामुळे ज्या बीएस्सीच्या मुलांना अर्धवट शिकवलं गेलं ते वेगळेच. फॅक्टरी रसायनवाला मागतेय, आणि रसायनशास्त्र शिकवायला कॉलेजात माणूस नाही. उरण, पाताळगंगा, रोहा, नागोठणे, महाड असा रासायनिक कारखान्यांचा जिल्हा आपला!

जिल्हा म्हटलं की थळचा आरसीएफ आठवतो. १९८५ च्या सुमारास तो खत कारखाना सुरू झाला. त्यात जमिनी गेल्या, नोकऱ्यांसाठी आंदोलनं झाली, सगळ्यांना न्याय मिळाला असं कुणी म्हणणार नाही. पण त्या पिढीत आयटीआय किंवा डिप्लोमा करून जो कायम लागला, तो राहिला. कुरुळची कॉलनी त्यातूनच उभी राहिली. त्याची मुलं इथल्याच शाळा-कॉलेजांत शिकली. सरकारी फीमध्ये शिकलेला माणूस आणि कायम पगाराची जागा, दोन्ही एकाच तालुक्यात असले की काय होतं त्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आज त्याच भागात काम आहे, पण बरंचसं कंत्राटी. म्हणून एकट्या कॉलेजला पैसे देऊन मुलं थांबतील असं मी म्हणत नाही. (जाता जाता: पेणहून थळपर्यंत रेल्वेची लाईन आहे, ती खत वाहते. माणसांना अजून बंदी. आणि पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद. रोज मुंबईला जाऊन-येऊन नोकरी करणं रो-रो आल्यावरही सामान्य पगारात बसत नाही. नाहीतर निम्मी मुलं रात्री घरी जेवली असती.)

इथे अमेरिकेतले दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत, कारण माझा मित्र आणि मी जे भांडत होतो तेच तिथले अर्थतज्ज्ञ भांडतात. तिथे प्रत्येक राज्य आपापल्या सरकारी कॉलेजांना पैसे देतं. जॉन बाउंड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये असं मांडलं की एखाद्या राज्याने जास्त पदवीधर तयार केले म्हणून तिथे राहणाऱ्या पदवीधरांची संख्या त्याच प्रमाणात वाढत नाही, संबंध बेताचाच. म्हणजे मित्र जिंकला. पण २०१५ मध्ये जॉन केनन यांनी वेगळ्या पद्धतीने तपासलं. राज्याराज्यांत कॉलेजच्या सरकारी मदतीत जो फरक आहे त्याने मुलं कॉलेजात जाण्यावर मोठा परिणाम होतो, आणि तो परिणाम स्थलांतरात वाहून जातो असा पुरावा त्यांना मिळाला नाही.

अमेरिकेतलं एक राज्य म्हणजे अलिबाग तालुका नव्हे, मान्य. पण दुसऱ्या अभ्यासातली मुख्य गोष्ट मला इथे रोज दिसते. कॉलेजच्या पैशाचा पहिला परिणाम 'कोण गेलं' यावर होत नाही, 'कोण शिकलं' यावर होतो. आणि आपल्याकडे ते 'कोण' म्हणजे बहुतेक मुली.

खरं सांगा, नागाव-चौलमधल्या किती घरांत मुलीला पदवीसाठी पनवेलच्या हॉस्टेलवर ठेवायला तयार होतात? मुलाला ठेवतात, कर्ज काढून ठेवतात. मुलीला सांगतात, जेएसएमला जा, संध्याकाळी घरी ये. एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, ते एक बरं झालं. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, तेही चांगलंच. पण फी माफ झाली तरी हॉस्टेल आणि मेस राहतेच, आणि बापाची भीती राहतेच. जवळचं, परवडणारं कॉलेज नसतं तर या मुली बारावीनंतर घरी बसल्या असत्या आणि विसाव्या वर्षी सासरी.

आता आजूबाजूला बघा. पतपेढीत काउंटरला कोण आहे? लॅबमध्ये रक्त कोण घेतं? इंग्लिश मीडियमच्या बालवाडीत कोण शिकवतं, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर कोण बसतं, कॉटेजचं बुकिंग, हिशोब, जीएसटी कोण सांभाळतं? माझ्या त्याच मित्राच्या ऑफिसात कोण बसतं? बी.कॉम. झालेली त्याची भावजय! आपल्या तालुक्याचा शिकलेला कामगारवर्ग म्हणजे बहुतांश इथल्या मुली आणि इथे आलेल्या सुना. त्या जात नाहीत, म्हणून त्या कुणाच्या चर्चेत येत नाहीत. आणि त्या जात नाहीत हे माहीत असल्यामुळे त्यांना आठ-दहा हजारांवर राबवलं जातं, हेही लिहून ठेवतो, कुणाला राग आला तरी चालेल. काही मुलींना इथून निघून जाणं हीच सुटका वाटते, आणि मला त्यांचं पटतं.

शेतीचं थोडक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आपल्या वाड्या झोपवल्या. सुपारीचं झाड लावल्यापासून उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षं घेतं, म्हणजे तेव्हा लावलेली रोपं आत्ता कुठे धरायला लागली आहेत. श्रीवर्धनला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे. विद्यापीठ १९७२ चं, सरकारी पैशावरचं. पण तिथलं ज्ञान आणि आपल्या वाडीतला खड्डा यांच्यामध्ये एक शिकलेला माणूस लागतो. कृषी पदवीधर आपल्याकडे होतात, फक्त ते पुण्याच्या पेठांमध्ये एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसलेत. त्यांना दोष देत नाही. वाडीत रोप कसं लावायचं हे सांगायला मिळणारा पगार आधी मला दाखवा.

डॉक्टरांच्या बाबतीत सरकारने वेगळा मार्ग काढलाय. अलिबागला २०२१-२२ पासून १०० जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, जिल्हा रुग्णालयाला जोडून. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सरकारी सेवेचं बंधपत्र असतं, नाही केली तर दहा लाख दंड. म्हणजे फुकटात किंवा कमी फीत शिकवलं तर बदल्यात काही मागायचं, हे सरकारला सुचतं. फक्त ती सेवा राज्यात कुठेही असू शकते, अलिबागलाच हवी असं नाही. पुन्हा तेच, राज्याची वही. तरीही कॉलेजमुळे शिकवणारे डॉक्टर इथे आले, पेशंटला मुंबईला हलवायच्या आधी बघणारा माणूस मिळाला. मुलं थांबोत न थांबोत, कॉलेज थांबलं याचाच हा फायदा.

बीए, बीएस्सीच्या मुलांवर असलं बंधपत्र टाकावं असं मी म्हणत नाही. पण तीन गोष्टी मागायला काय हरकत आहे? अनुदानित कॉलेजांतल्या मंजूर जागा पूर्ण भरा, तासिकेवर नको. जिल्ह्यात ज्याची गरज दिसते असा एखादा तरी कोर्स, मग ते औद्योगिक रसायन असो की हॉटेल व्यवस्थापन, प्रत्येक तालुक्यात सरकारी फीमध्ये द्या. आणि पदवी घेतलेली मुलं पुढे कुठे गेली ही माहिती उघड करा. ती माहिती नसते असं नाही. नॅकचं मूल्यांकन येतं तेव्हा कॉलेजं नोकरी लागलेल्या आणि पुढे शिकणाऱ्या मुलांची आकडेवारी गोळा करतातच. ती नॅकच्या फायलीत राहते, जिल्हा नियोजन समितीत तिच्यावर कधी बोलणं झालेलं मी तरी इतक्या वर्षांत ऐकलं नाही. रस्ता, साकव, बंधारा, स्मशानभूमीची शेड यावर मात्र तासन्तास.

माझ्या मित्राला यातलं बरंचसं पटलं नाही. "भावजयीचं नाव कशाला काढलंस?" एवढंच म्हणाला.

आता तुमच्याकडून काम हवंय. तुमच्या घरातल्या, आळीतल्या ज्या मुलामुलींनी गेल्या दहा वर्षांत पदवी घेतली, त्यांचं नाव नको, फक्त एवढं कळवा: गाव कोणतं, कोर्स कोणता, अनुदानित की विनाअनुदानित, फीसाठी कर्ज काढलं का, जमीन विकली का, आणि आता कुठे आहे, काय करतेय. इथे खाली लिहा किंवा इनबॉक्स करा. मी गाववार यादी करतोय. थोडी जमली की ग्रामसभेत वाचून दाखवणार आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तिची झेरॉक्स देणार. आक्षी, नागाव मी स्वतः फिरून करीन, चौल-रेवदंडावाल्यांनी मागे राहू नये.